तेल महागलं तरी काही विमान कंपन्या नफ्यात कशा राहतात: हिशेब स्वतः तपासण्याची पद्धत

२००२ साली ब्रेंट कच्चं तेल (जगात तेलाचा भाव सांगताना वापरला जाणारा एक मुख्य प्रकार) सरासरी २५ डॉलर पिंपाच्या आसपास होतं. त्याच वर्षी अमेरिकेत ऑगस्टमध्ये यूएस एअरवेजने आणि डिसेंबरमध्ये युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात धाव घेतली. २०१३ साली तेच तेल १०८ डॉलरच्या घरात होतं, आणि डेल्टा, युनायटेड, साउथवेस्ट या तिन्ही कंपन्यांनी वर्षाअखेर नफा दाखवला. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर प्रवासी घटले होते हे खरं. तरीही चौपट महाग इंधनावर नफा आणि स्वस्त इंधनावर दिवाळखोरी हे चित्र पाहिलं की एक गोष्ट मान्य करावीच लागते. इंधनाचा भाव महत्त्वाचा आहे, पण एकटा तो कंपनीचं भवितव्य ठरवत नाही.

भाव चढला की तो सगळ्यांसाठीच चढतो. एकाच विमानतळावर शेजारी उभ्या असलेल्या दोन कंपन्यांना इंधन जवळपास सारख्याच दराने मिळतं. मग एक तरते आणि दुसरी बुडते, याचं कारण इंधनाव्यतिरिक्तच्या खर्चात, बाजारातल्या एकूण आसनांच्या संख्येत आणि तिकिटाखेरीज येणाऱ्या पैशात शोधावं लागतं. शोधायचं कसं, ते इथे पायरीपायरीने मांडतो. विमान व्यवसायाचा अभ्यास करणारे विद्यार्थी, या कंपन्यांचे शेअर घेऊ पाहणारे गुंतवणूकदार, या क्षेत्रात नोकरी करणारे, सगळ्यांना ही पद्धत वापरता येईल. लागेल फक्त कंपनीचा वार्षिक अहवाल आणि कॅल्क्युलेटर.

पायरी १: आधी एकाच फेरीचा हिशेब मांडा

अब्जावधींचे आकडे पाहून डोकं गरगरतं, म्हणून सुरुवात एका विमानाच्या एका फेरीपासून करावी. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण वास्तवाजवळचं आहे.

समजा, १८० आसनांचं विमान १,००० किलोमीटरची फेरी करतं. त्यात साधारण ४ टन इंधन जळतं. जेट इंधनाचं एक लिटर सुमारे ०.८ किलो भरतं, म्हणजे हे झाले ५,००० लिटर. एका पिंपात १५९ लिटर, म्हणजे साडेएकतीस पिंपं. जेट इंधन ९० डॉलर पिंप असेल तर इंधनाचा खर्च २,८३५ डॉलर. वैमानिक, कर्मचारी, देखभाल, विमानाचं भाडं, विमानतळाचे आकार, विक्री आणि कार्यालय मिळून आणखी ७,१६५ धरू. एकूण १०,००० डॉलर. इंधनाचा वाटा २८ टक्के. जगभरच्या कंपन्यांचा विचार केला तर इंधनाचा वाटा बहुतेक वर्षी एकूण खर्चाच्या पाव ते एक तृतीयांश एवढा असतो, तेव्हा हे गृहीतक ठीक आहे.

आता उत्पन्न. तिकीट आणि इतर शुल्क मिळून प्रत्येक प्रवाशामागे सरासरी ७० डॉलर येतात आणि विमानात १५० प्रवासी आहेत. म्हणजे ८३ टक्के आसनं भरली. जगाची सरासरीही याच्या जवळपास आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०२४ साठी दिलेला आकडा ८३.५ टक्के होता आणि तो तोवरचा उच्चांक होता. उत्पन्न १०,५०० डॉलर, नफा ५०० डॉलर. माणशी साडेतीन डॉलरसुद्धा नाही. हे खोटं वाटेल, पण अलीकडच्या चांगल्या वर्षांतही जगातल्या विमान कंपन्यांचा निव्वळ नफा एका प्रवाशामागे ६ ते ८ डॉलर आणि उत्पन्नाच्या ३ ते ४ टक्के एवढाच राहिला आहे.

आता इंधन ९० वरून १२० डॉलरवर न्या. खर्च ९४५ डॉलरने वाढून १०,९४५ झाला. ५०० चा नफा गेला आणि ४४५ चा तोटा पदरात आला. आधी ना नफा ना तोटा या रेषेवर यायला १४३ प्रवासी पुरत होते, आता १५७ लागतील, म्हणजे ८७ टक्के आसनं. या टक्केवारीला ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर म्हणतात. कोणत्याही कंपनीचा प्रत्यक्ष लोड फॅक्टर (खरोखर भरलेल्या आसनांची टक्केवारी) आणि हा ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर शेजारीशेजारी लिहिले, की ती किती निसरड्यावर उभी आहे ते एका नजरेत कळतं.

पायरी २: इंधन वगळून खर्च काढा

माझ्या मते सगळ्यांत बोलका आकडा हाच. इथे घाई करू नका.

वार्षिक अहवालात उपलब्ध आसन-किलोमीटर हा आकडा असतो; त्याला एएसके म्हणतात. आसनांची संख्या गुणिले उडालेलं अंतर. आपल्या फेरीत तो १,८०,००० येतो. एकूण खर्चाला याने भागलं की एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च मिळतो, म्हणजे कास्क. आपल्याकडे १०,००० भागिले १,८०,००० म्हणजे सुमारे ५.५६ सेंट. आता खर्चातून इंधन काढून तोच भागाकार करा: ३.९८ सेंट. यालाच इंधनविरहित कास्क म्हणतात. अमेरिकन कंपन्या किलोमीटरऐवजी मैल वापरतात. त्यांचा आकडा १.६०९ ने भागून घ्यावा, नाहीतर तुलना फसते.

दोन कंपन्यांची तुलना करताना फेऱ्यांची सरासरी लांबीही बघायला विसरू नका. उड्डाण आणि उतरण्याचा खर्च लांबच्या फेरीत जास्त किलोमीटरवर पसरतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या कंपनीचा कास्क आपोआप कमी दिसतो. ८०० किलोमीटरच्या सरासरीवाली कंपनी २,५०० किलोमीटरच्या सरासरीवाल्या कंपनीशी थेट ताडून पाहणं म्हणजे रिक्षा आणि मालट्रक यांचा दर किलोमीटरला खर्च ताडण्यासारखं आहे.

इंधनविरहित खर्च खाली राहतो कशामुळे? सर्वांत मोठं कारण, विमान दिवसात किती तास हवेत असतं. भाडं, विमा, कार्यालय हे खर्च विमान उभं असलं तरी चालूच राहतात. १९७२ मध्ये साउथवेस्टला पैशांच्या अडचणीमुळे चारपैकी एक विमान विकावं लागलं. फेऱ्या मात्र तेवढ्याच ठेवायच्या होत्या. मग त्यांनी विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ दहा मिनिटांवर आणला. पुढे स्वस्त दराच्या कंपन्यांचा सगळा संसार याच कल्पनेवर उभा राहिला. आयर्लंडची स्वस्त दराची कंपनी रायनएअर आजही २५ मिनिटांत विमान परत फिरवते. या वेळेत, म्हणजे टर्नअराउंडमध्ये, वीसपंचवीस मिनिटं वाचली की दिवसाला आणखी एक फेरी बसते, आणि त्या फेरीला विमानाचं भाडं जवळजवळ लागतच नाही.

दुसरं कारण, एकाच जातीची विमानं. वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, देखभालीचे कामगार, सगळं एकाच साच्यात बसतं. तिसरं, आसनांची दाटी. रायनएअरने बोइंग ७३७ ची १९७ आसनांची आवृत्ती घेतली. त्यांच्या जुन्या विमानात १८९ होती. ८ आसनं जास्त आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे इंधन १६ टक्के कमी.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. स्वस्त दराच्या कंपनीचे बाकी खर्च कमी असल्यामुळे तिच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो. भाव चढला की टक्केवारीत तिलाच जास्त झळ लागते. शिवाय तिचा प्रवासी तिकिटाच्या भावाकडे बघूनच निघालेला असतो. दर वाढले की तो प्रवास रद्द करतो. म्हणून ‘कमी खर्चाची कंपनी महाग तेलात सुरक्षित’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. एकाच मार्गावर तिची प्रतिस्पर्धी तिच्याहून महाग असेल, तरच तिला आधार आहे. महाग कंपनी आधी फेऱ्या कमी करते आणि मोकळी झालेली जागा स्वस्त कंपनीला मिळते.

पायरी ३: दर वाढवता येतील का ते पाहा

आपल्या फेरीत ५०० चा नफा परत मिळवायचा तर माणशी ७० ऐवजी ७६.३० डॉलर घ्यावे लागतील. फक्त ९ टक्के वाढ. कागदावर सोपं आहे. पण त्या वाढीमुळे १५० पैकी ९ प्रवासी गळाले, तर १४१ गुणिले ७६.३० म्हणजे १०,७५८ डॉलर. खर्च १०,९४५. तोटा कायम! इतक्या बारीक फरकावर हा धंदा चालतो.

दर टिकतील की नाही हे प्रवासी कोण आहेत त्यावर ठरतं. कामानिमित्त जाणारा माणूस उद्याच्या बैठकीसाठी तिकीट काढतो. त्याला पर्याय नसतो. सुट्टीला जाणारा दुसरं ठिकाण निवडू शकतो. कमी अंतरावर रेल्वे आणि रस्ता आहेतच. म्हणून अहवालात कंपनीचं उत्पन्न कोणत्या वर्गातून येतं ते शोधा. पुढच्या आसनांतून, म्हणजे बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमीतून मोठा हिस्सा येत असेल, तर महाग इंधन पुढे ढकलणं सोपं जातं. डेल्टाने गेल्या काही वर्षांत याच वर्गावर जोर दिला आणि त्याचा तिला मोठा फायदा झाला.

वेळेचंही गणित आहे. तिकिटं आठवडे-महिने आधी विकलेली असतात. आज इंधन महागलं, तरी पुढच्या दोन महिन्यांतल्या बऱ्याच प्रवाशांनी जुन्या दराने पैसे भरलेले असतात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत सगळ्याच कंपन्या मार खातात. एका तिमाहीचा निकाल पाहून मत बनवू नका, त्यानंतरच्या दोन तिमाह्यांत दर इंधनाला गाठतात का ते पाहा. आंतरराष्ट्रीय मार्गांवर इंधन अधिभार वेगळा लावतात, पण प्रवासी शेवटी एकूण रक्कम पाहतो. अधिभार वाढवून मूळ भाडं उतरवलं असेल तर त्या अधिभाराला काही अर्थ उरत नाही.

पायरी ४: बाजारात आसनं किती आहेत ते मोजा

मला विचाराल तर इंधन महाग असताना नफा ठरवणारा सर्वांत मोठा घटक हाच आहे, आणि तो एका कंपनीच्या हातात नाही.

आधी एक कोडं सोडवू. तोटा होत असताना कंपन्या उडत का राहतात? आपल्या फेरीत १२० डॉलरच्या इंधनाने खर्च १०,९४५ झाला. यातले समजा ३,५०० डॉलर असे आहेत जे फेरी रद्द केली तरी द्यावेच लागतात: विमानाचं भाडं, पगाराचा ठरलेला भाग, कार्यालय. म्हणजे फेरी केल्यामुळे होणारा खर्च ७,४४५. ७० डॉलरने १०७ प्रवासी मिळाले की तो निघतो. म्हणजे १०७ ते १५६ प्रवाशांपर्यंत फेरी तोट्यात असते, पण विमान उभं ठेवलं तर तोटा त्याहून मोठा होतो. व्यवस्थापक अशा वेळी फेरी करतोच, आणि त्याचं गणित बरोबर असतं. पण सगळ्याच व्यवस्थापकांनी असं केलं की आसनं कमी होत नाहीत, दर चढत नाहीत, आणि सगळा उद्योग एकत्र तोट्यात राहतो. २००० नंतरच्या दशकातली बरीच वर्षं अमेरिकेत हेच झालं.

मग बदललं काय? २००८ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्या, २०१० मध्ये युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल, २०११ मध्ये साउथवेस्टने एअरट्रान घेतली, २०१३ मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज. देशांतर्गत वाहतुकीचा सुमारे ८० टक्के हिस्सा चार कंपन्यांकडे आला. त्यांनी छोटी, इंधनखाऊ विमानं आणि तोट्याचे मार्ग कमी केले, नवी आसनं जपून वाढवली. तेल १०० डॉलरच्या वर असतानाही विमानं भरलेली राहिली आणि दर टिकले. प्रवाशाच्या दृष्टीने यात दुखणं आहे, लहान शहरांच्या फेऱ्या गेल्या आणि निवड कमी झाली. ते मला पटत नाही. पण नफा कुठून आला हे समजून घ्यायचं, तर ही गोष्ट टाळता येत नाही.

व्यवहारात करायचं काय? कंपनीच्या मुख्य पाच-सहा मार्गांची यादी करा. प्रत्येक मार्गावर या वर्षी आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती कंपन्या, किती फेऱ्या होत्या ते वेळापत्रकांवरून मोजा. आसनं इंधनाच्या भावाबरोबरच वाढत असतील तर दर वाढवण्याची भाषा फोल समजा. एखादी प्रतिस्पर्धी बंद पडली असेल किंवा तिची विमानं जमिनीवर असतील, तर उरलेल्यांना पुढच्या काही तिमाह्या बऱ्या जातात.

पायरी ५: विमानं किती जुनी, आणि ती किती उडतात

नवं विमान म्हणजे इंधनाची बचत, आणि बचत म्हणजे नफा, एवढी सरळ साखळी बरेच जण मांडतात. ती तपासून घ्यावी.

एअरबस ए३२०निओसारखं नवं विमान आधीच्या पिढीपेक्षा १५ ते २० टक्के कमी इंधन घेतं. आपण १५ टक्के धरू. ९० डॉलरच्या भावाने एका फेरीत ४२५ डॉलर वाचतात, १२० च्या भावाने ५६७. आता समजा नव्या विमानाचं भाडं जुन्याहून महिन्याला १ लाख डॉलर जास्त आहे. दिवसाला ६ फेऱ्या, महिन्याला १८०. इंधन ९० असताना बचत ७६,५०० डॉलर, म्हणजे नवं विमान घाट्याचं. १२० झालं तर १,०२,०६० डॉलर, जेमतेम फायदा. दिवसाला ७ फेऱ्या बसवल्या तर १२० च्या भावाला १,१९,०७० डॉलर. म्हणजे इंधन महाग असलं आणि विमान भरपूर उडत असलं, तरच नवं विमान कमावतं. अमेरिकेतल्या अलीजिअंट कंपनीने बरोबर याच्या उलट वाट धरली होती. स्वस्तात घेतलेली जुनी एमडी-८० विमानं ती फक्त गर्दीच्या दिवशी उडवायची. इंधन जास्त जळायचं, पण विमान उभं ठेवणं परवडायचं. २०१८ च्या अखेरीपर्यंत तिने ती विमानं चालवली.

आणि अमेरिकेतल्याच स्वस्त दराच्या स्पिरिट एअरलाइन्सचं उदाहरण पाहा. तरुण ताफा, निओ विमानं, दाट आसनं. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा. तिच्या बाजारात आसनं फार झाली होती, पगार वाढले होते आणि २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीचा दोष उघड झाल्यावर तिची कित्येक विमानं तपासणीसाठी उभी राहिली. उभं विमान इंधन वाचवतं, पण भाडं मागतच राहतं. म्हणून अहवालात ताफ्याच्या सरासरी वयाबरोबर किती विमानं जमिनीवर आहेत आणि एक विमान दिवसाला किती तास उडतं, हे दोन आकडे शोधाच.

पायरी ६: रोजच्या कामातली बचत

इथे कौतुकाच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात, म्हणून प्रमाण ध्यानात ठेवायला हवं. युनायटेडने २०१८ मध्ये विमानातलं मासिक हलक्या कागदावर छापायला सुरुवात केली आणि त्यातून वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार डॉलरचं इंधन वाचेल असं सांगितलं. चांगलंच आहे. पण त्या कंपनीचं वर्षाचं इंधन-बिल कित्येक अब्ज डॉलरचं असतं.

खरी बचत कमी दिसणाऱ्या ठिकाणी आहे. लागतं त्याहून जास्त इंधन भरू नये, कारण जास्तीच्या वजनाचा साधारण ३ ते ४ टक्के भाग दर तासाला ते वजन वाहण्यातच जळतो. अर्थात पुढच्या विमानतळावर इंधन फार महाग असेल तर इथूनच जास्त भरून नेणं परवडतं. त्यासाठी दर दिवशी हिशेब करणारी माणसं आणि प्रणाली लागते. धावपट्टीकडे जाताना एकच इंजिन चालू ठेवणं, विमान उभं असताना शेपटीतलं सहायक इंजिन बंद करून विमानतळाची वीज घेणं, पायऱ्या न करता सलग खाली उतरणं, पंखांच्या टोकांना वळवलेली पाती बसवणं. ए३२० वर अशा पात्यांनी ४ टक्क्यांपर्यंत बचत होते असं एअरबस सांगते. वेग थोडा कमी केला तरी इंधन वाचतं. पण मग वैमानिकांचे तास वाढतात आणि पुढची जोडणी चुकू शकते, म्हणून वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर उड्डाण-संगणकात भरलेलं असतं. त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात. इंधन महागलं की तो खाली आणायला हवा. तो किती वेळा बदलला जातो, हे एखाद्या वैमानिकाला विचारून पाहा. कंपनीच्या शिस्तीबद्दल त्यातून बरंच कळतं.

पायरी ७: हेजिंग म्हणजे नफा समजू नका

हेजिंग म्हणजे पुढच्या महिन्यांच्या इंधनाचा भाव आजच बांधून घेणं. साउथवेस्टने ते इतक्या वेळेवर केलं, की १९९८ ते २००८ या काळात सुमारे ३.५ अब्ज डॉलर वाचवले. ती गोष्ट इतकी गाजली की हेजिंग हीच नफ्याची किल्ली असा समज झाला.

मग २००८ आलं. जुलैमध्ये तेल १४७ डॉलरवर गेलं आणि वर्षाअखेर ४० च्या आसपास कोसळलं. वरच्या भावाला करार केलेल्या कंपन्यांना मंदीत, हातात रोख नसताना, करारांपोटी तारण भरावं लागलं. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक कंपनीला २०१६ मध्ये हेजिंगमधून ८ अब्ज हाँगकाँग डॉलरहून अधिक तोटा झाला आणि त्या वर्षी ती कंपनी २००८ नंतर प्रथमच तोट्यात गेली. अमेरिकन एअरलाइन्सने २०१४ मध्ये हेजिंग थांबवलं, आणि २०२५ मध्ये खुद्द साउथवेस्टनेही.

आणखी एक खाच आहे. विमानात कच्चं तेल भरत नाहीत, त्यातून शुद्ध केलेलं जेट इंधन भरतात. दोन्हींच्या भावातल्या फरकाला क्रॅक स्प्रेड म्हणतात. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर हा फरक एवढा रुंदावला की कच्च्या तेलावर करार केलेल्यांनाही पुरतं संरक्षण मिळालं नाही. डेल्टाने याच धोक्यावर वेगळा उपाय केला होता: २०१२ मध्ये १५ कोटी डॉलरला पेनसिल्व्हेनियातला ट्रेनर इथला शुद्धीकरण कारखाना घेतला. फरक रुंदावला की कारखाना कमावतो, अरुंद झाला की रखडतो.

हेजिंगला मी विम्यासारखं पाहतो. विमा घरात पैसे आणत नाही, पण आग लागली तर वेळ देतो. तेव्हा अहवालात तीन गोष्टी बघा: पुढच्या बारा महिन्यांचं किती टक्के इंधन बांधलं आहे, कोणत्या भावाला, आणि करार कच्च्या तेलावर आहे की जेट इंधनावर. नफा तपासताना हेजिंगची कमाई वेगळी काढा. ती काढल्यावर कंपनी तोट्यात दिसली, तर करार संपतील त्या दिवशी खरी स्थिती उघडी पडेल.

पायरी ८: तिकिटाबाहेरचा पैसा

मे २००८ मध्ये, तेल चढतंच असताना, अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेसाठी १५ डॉलर घ्यायचं जाहीर केलं. प्रवासी चिडले, पण काही महिन्यांतच इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. साउथवेस्टने मात्र सतरा वर्षं बॅग मोफत ठेवली आणि २०२५ च्या मेमध्ये शुल्क सुरू केलं. आज रायनएअरच्या उत्पन्नाचा जवळपास एक तृतीयांश भाग आसनाची निवड, सामान, आधी चढण्याची सोय अशा गोष्टींतून येतो. या पैशाची खुबी अशी की तो मिळवायला इंधन जवळजवळ जळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मैलांची. क्रेडिट कार्डवर खर्च केला की ग्राहकाला मैल मिळतात, म्हणजे पुढे विमानप्रवासासाठी वापरता येणारे गुण. ते मैल बँक विमान कंपनीकडून रोख देऊन विकत घेते. डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. २०२० मध्ये विमानं उभी असताना युनायटेडने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. प्रवासी नसतानाही सावकार या कार्यक्रमावर विश्वास ठेवतो, यावरून त्याची किंमत समजते. अहवालात ‘इतर उत्पन्न’ म्हणून एक ओळ असते. वाचणारे ती ओलांडून जातात. तिथे थांबा.

मालवाहतुकीचं उत्पन्नही पाहून घ्या. लांब पल्ल्याच्या विमानांच्या पोटात ती चांगली कमाई देते, छोट्या विमानांत फारशी नाही.

पायरी ९: चलन आणि रोकड

इंधन, विमानांचं भाडं, सुटे भाग डॉलरमध्ये, आणि तिकिटं स्थानिक चलनात, अशी स्थिती असलेल्या कंपनीला दुहेरी फटका बसतो. तेल महागलं की तेल आयात करणाऱ्या देशाचं चलन बहुधा घसरतं, आणि मग तेच पिंप आणखी महाग होतं. अहवालात संवेदनशीलतेचा तक्ता असतो: इंधन १० टक्क्यांनी आणि चलन अमुक टक्क्यांनी हललं तर नफ्यावर किती परिणाम. दोन्ही परिणाम एकत्र येतील असं धरून बेरीज करा.

रोकड मोजताना एक फसगत होते. प्रवाशांनी आगाऊ भरलेले पैसे कंपनीच्या खात्यात दिसतात, पण ती त्यांच्या प्रवासाची देणी असतात. हातातल्या रोखीतून ही रक्कम वजा करा. उरलेल्या पैशांवर कंपनी इंधनाची बिलं किती महिने भरू शकेल ते काढा. भाव चढल्यावर तिकिटांचे दर त्याला गाठायला दोन तिमाह्या लागतात हे आपण वर पाहिलं. तेवढा काळ काढण्याइतकी रोकड नसेल, तर बाकी सगळे आकडे चांगले असूनही कंपनी अडकते.

युरोपातल्या कंपन्या तपासत असाल तर आणखी एक ओळ जोडा. तिथल्या विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनात २०२५ पासून २ टक्के आणि २०३० पासून ६ टक्के शाश्वत इंधन (कच्च्या तेलाऐवजी इतर स्रोतांतून बनवलेलं, कमी प्रदूषणाचं जेट इंधन) मिसळणं पुरवठादारांना बंधनकारक आहे. ते नेहमीच्या जेट इंधनापेक्षा कित्येक पट महाग पडतं. कच्चं तेल उतरलं तरी हा भाग उतरणार नाही.

सगळं एका पानावर

एका कागदावर दोन कंपन्यांचे रकाने आखा. प्रत्येकीसाठी लिहा: इंधनविरहित कास्क, सरासरी फेरी, लोड फॅक्टर आणि ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर, विमानाचे दिवसाचे तास, जमिनीवर उभी विमानं, मुख्य मार्गांवरच्या आसनांतली वाढ-घट, तिकिटाबाहेरचं उत्पन्न, बांधलेलं इंधन, आणि आगाऊ पैसे वजा करून उरलेली रोकड. मग पहिल्या पायरीतला हिशेब इंधन ३० टक्के महाग धरून पुन्हा करा. दर तिमाहीचा निकाल आला की याच कागदावर नवा रकाना वाढवा. वर्षभरानंतर, इंधनाचा भाव तोच असताना दोघींमधलं अंतर कोणत्या ओळीत वाढलं आणि कोणत्या ओळीत मिटलं, ते तुमच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं समोर असेल.